कॅम्प नंबर एकमधून दिसणारं युक्रेन

शहाड स्टेशनबाहेर रिक्षात बसलं की 'कॅम्प एक' एवढंच सांगायचं, रिक्षावाला निघतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर माणसांना तिच्या बराकींमध्ये ठेवलं, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तिला उल्हासनगर हे नाव दिलं. नाव कागदावर गेलं, लोकांच्या तोंडी कॅम्पच राहिला.

या कॅम्पाच्या तोंडाशी आमची चहाची टपरी आहे. गेल्या रविवारी तिथे दोन ज्येष्ठांची रशिया-युक्रेन युद्धावरून चांगलीच जुंपली. एक काका अंबरनाथच्या ऑर्डनन्समधून निवृत्त झालेले. दुसरे कापडाच्या दुकानावर आयुष्य काढलेले सिंधी गृहस्थ, त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. काकांचा मुद्दा सरळ होता. "नाटो दाराशी येऊन बसली, तर रशियाने हाताची घडी घालून बघत राहायचं का?" दादांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि म्हणाले, "और यूक्रेनवालों से किसी ने पूछा? अपने को किसने पूछा था?"

काका गप्प झाले. मीही. दादांचे आईवडील सिंधमधून निघाले तेव्हा रेषा आखणाऱ्यांनी त्यांना विचारलं नव्हतं. फाळणी आणि युक्रेन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला मान्य आहे. पण आठवडाभर तो प्रश्न डोक्यातून गेला नाही, म्हणून आजचा स्तंभ त्यावर.

आधी काकांची बाजू, कारण ती हलकी नाही. रशियाच्या पश्चिमेला आडवा डोंगर नाही. मोकळं मैदान आहे, आणि त्या मैदानावरून १८१२ साली नेपोलियन आला, १९४१ साली हिटलर आला. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसं गेली. ज्या देशाने एवढी प्रेतं उचलली, तो सीमेकडे संशयानेच बघणार. १९९० साली जर्मनीच्या एकीकरणाच्या बोलण्यात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांनी गोर्बाचेव यांच्यासमोर नाटो पूर्वेला सरकणार नाही असे शब्द काढले होते. ते करारात उतरले नाहीत, पण मॉस्कोत ते कोणी विसरलं नाही. १२ मार्च १९९९ रोजी पोलंड, हंगेरी आणि चेक प्रजासत्ताक नाटोत आले, आणि बाराच दिवसांनी नाटोने सुरक्षा परिषदेची परवानगी न घेता युगोस्लाव्हियावर बाँबफेक सुरू केली. 'ही फक्त बचावासाठीची संघटना आहे' हे रशियाला पटवायला याहून वाईट मुहूर्त सापडला नसता. २००४ साली आणखी सात देश आले. २००८च्या एप्रिलमध्ये बुखारेस्टला नाटोने जाहीर केलं की युक्रेन आणि जॉर्जिया पुढेमागे सदस्य होतील. कधी, ते सांगितलं नाही आणि संरक्षणाची हमीही दिली नाही. माझ्या मते हा त्या सगळ्या काळातला सर्वांत बेजबाबदार निर्णय. रशियाला डिवचलं, आणि ज्यांच्या नावाने डिवचलं त्यांना उघड्यावर सोडलं.

आणि आपल्याकडे रशियाबद्दल जी आपुलकी आहे, तीही उगाच आलेली नाही. आपल्या मराठी-कोकणी मुलखाचंच उदाहरण घ्या. गोवा दाबून बसलेला पोर्तुगाल हा नाटोच्या १९४९च्या १२ संस्थापक देशांपैकी एक. तिथे सालाझारची हुकूमशाही होती, तरी लोकशाहीच्या त्या संघटनेला तो चालला. मे १९५५मध्ये सेनापती बापट आणि ना. ग. गोरे सत्याग्रहींना घेऊन गोव्याच्या हद्दीत शिरले, १५ ऑगस्टला पोर्तुगीजांनी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या मंत्र्यांबरोबर काढलेल्या पत्रकात या प्रदेशांचा उल्लेख पोर्तुगालचे 'प्रांत' असा केला. पुढे १८ डिसेंबर १९६१ रोजी, भारतीय फौजा गोव्यात शिरल्या त्याच दिवशी, सुरक्षा परिषदेत भारताने मागे हटावं असा ठराव आला. तो आणणारे देश चार : अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान. चारही नाटोचे सदस्य. सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरला म्हणून तो पडला. नाटोच्या करारात गोवा बसत नव्हता, कारण करारातलं क्षेत्र युरोप, उत्तर अमेरिका आणि उत्तर अटलांटिकपुरतं होतं. बसत असता तर काय झालं असतं, याचा विचार आजही अंगावर काटा आणतो.

तेव्हा काकांना मी 'तुम्ही भाबडे आहात' असं म्हणणार नाही. मात्र रशियाला भीती का वाटते ते कळलं, म्हणून शेजाऱ्याच्या घरात शिरायचा हक्क त्याला मिळत नाही. गोव्यात आपली बाजू न्यायाची होती, कारण तिथल्या माणसांवर परकी सत्ता होती. हाच निकष कीव्हला लावला तर परकं कोण ठरतं?

काकांच्या 'नाटो दाराशी आली' या युक्तिवादात एक मोठं भोक आहे. ते आपल्याकडच्या चर्चांत फारसं कोणी दाखवत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. युक्रेनने २०१० साली कायदा करून स्वतःला कुठल्याही लष्करी गटाबाहेर ठेवलं होतं. आपल्या भाषेत, तो अलिप्त होता. २०१४च्या मार्चमध्ये रशियाने क्रायमिया घेतला तेव्हा तो कायदा लागू होता. अलिप्तता रद्द झाली ती त्याच वर्षीच्या डिसेंबरात, म्हणजे घर फोडल्यानंतर. त्याआधी १९९४ साली बुडापेस्टच्या करारनाम्यात युक्रेनने आपल्या भूमीवरची अण्वस्त्रं सोडून दिली आणि बदल्यात रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी त्याच्या सीमा मान्य केल्या. शस्त्रं दिली, गटाबाहेर राहिला, तरी जमीन गेली. नेहरूंच्या काळापासून अलिप्ततेचा अभिमान बाळगणाऱ्या देशाला याचं दुःख सर्वांत आधी व्हायला हवं होतं.

दुसरी गोष्ट फिनलंडची. ४ एप्रिल २०२३ रोजी फिनलंड नाटोत गेला. रशियाशी त्याची सीमा १,३०० किलोमीटरहून लांब, आणि सेंट पीटर्सबर्ग तिथून दोनशे किलोमीटरच्या आत. नाटो दाराशी येणं हेच खरं कारण असतं तर रशियाचा सगळ्यात मोठा संताप तिथे दिसायला हवा होता. तिथे रणगाडे गेले नाहीत. ते युक्रेनमध्ये गेले, कारण युक्रेन हा वेगळा देश आहे हेच पुतीन यांना मान्य नाही. जुलै २०२१मध्ये त्यांनी स्वतःच्या सहीने लांबलचक लेख लिहून रशियन आणि युक्रेनी एकच लोक असल्याचं मांडलं होतं. सुरक्षेची काळजी खरी असेल, पण तिच्याखाली जुन्या साम्राज्याची मालकी दडलेली आहे. त्या २ कोटी ७० लाखांत युक्रेनी माणसंही लाखोंनी होती, हे मॉस्कोने तरी विसरायला नको होतं.

टपरीवर काकांनी पुढे क्युबा काढला, इराक काढला. काढायलाच हवेत. अमेरिकेला १९६१ साली क्युबावर माणसं घालायचा हक्क नव्हता आणि २००३ साली इराकवर चालून जायचाही नव्हता. तेव्हा ते चूक होतं म्हणूनच आज हेही चूक आहे. एकाच्या पापाची पावती दाखवून दुसऱ्याचं पाप फिटत नाही.

आता निर्बंधांबद्दल. हा विषय आमच्या भागाला पुस्तकातून कळलेला नाही. १९९८च्या मे महिन्यात पोखरणला अणुस्फोट झाले आणि अमेरिकेने दोनशेहून जास्त भारतीय संस्थांना काळ्या यादीत टाकलं. त्यात डीआरडीओ होती. अंबरनाथची नौदलाच्या साहित्यावर संशोधन करणारी प्रयोगशाळा याच डीआरडीओची. बरेचसे निर्बंध २००१ साली उठले, काही नावं मात्र २०११पर्यंत यादीत राहिली. आपण बाँब सोडला का? नाही. याच अंबरनाथच्या प्रयोगशाळेने पाणबुडीसाठी इंधनघटावर चालणारी यंत्रणा उभी केली आणि मार्च २०२१मध्ये तिची जमिनीवरची चाचणी पार पडली. एरवी डिझेलवर चालणाऱ्या पाणबुडीला बॅटऱ्या चार्ज करायला दर काही दिवसांनी पाण्याच्या वर किंवा पृष्ठभागाजवळ यावं लागतं. या यंत्रणेने ती जास्त काळ खाली राहू शकते.

निर्बंधांनी देशाची वाट अडते, वेळ जातो, पैसा जातो, पण ज्याला त्याने आपलं अस्तित्व मानलंय ते तो सोडत नाही, हे आपण स्वतः जगलो आहोत. रशियाचे सुमारे ३०० अब्ज डॉलर गोठवले, बँका जागतिक व्यवहारातून तोडल्या, तेलाला पिंपामागे ६० डॉलरची कमाल मर्यादा घातली. तरी २०२३ साली त्याची अर्थव्यवस्था वाढली. मात्र त्याची किंमतही रशिया मोजतोय : ऑक्टोबर २०२४मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेचा व्याजदर २१ टक्क्यांवर गेला होता. शस्त्रांचे सुटे भाग रोखणं, आक्रमणकर्त्याचा पैसा अडवणं याला माझा पाठिंबा आहे. आपल्यावर निर्बंध आले तेव्हा आपण कुणाच्या देशात शिरलो नव्हतो, हा फरक लक्षात ठेवून मी हे लिहितोय. पण युरोपने स्वतः रशियाचा द्रवरूप गॅस घेत राहायचा, आणि ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेने रशियन तेलासाठी भारतावर २५ टक्के जादा शुल्क लादताना सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाला, चीनला, तशी शिक्षा करायची नाही, हे मला मान्य नाही. यात न्याय कुठेच नाही, फक्त कोणाला दाबता येतं एवढाच हिशेब आहे.

"रशियाने आपल्याला कधी नाही म्हटलं नाही," असं काका शेवटी म्हणाले. त्यांच्या बोलण्यात चाळीस वर्षांची नोकरी होती. अंबरनाथचा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना आज ज्या सरकारी कंपनीत आहे, तिच्या अवडीच्या कारखान्यात तयार झालेले बहुतेक रणगाडे रशियन बनावटीचे : टी-७२, टी-९०. तरीही काका, रशियाने नाही म्हटलंय. १९९१ साली इस्रोला क्रायोजेनिक इंजिनं आणि त्यांचं तंत्रज्ञान देण्याचा करार झाला, १९९२ साली अमेरिकेने निर्बंध घातले, आणि १९९३ साली रशियाने तंत्रज्ञान देण्यातून अंग काढलं. त्याची अडचण होती, मी दोष देत नाही. २०१८ साली ठरलेल्या एस-४०० यंत्रणांपैकी शेवटच्या दोन युद्धामुळे लांबल्या, तीही अडचणच. स्वस्त तेल घेतलं तर मे २०२३मध्ये रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव गोव्यातच येऊन सांगून गेले की भारतीय बँकांत पडलेले रुपये रशियाला आहेत तसे वापरता येत नाहीत. मैत्री आहे, तिचं मोलही आहे, पण ती आंधळेपणाने सांभाळायची गरज नाही.

तेल घ्यावं, असंच माझं मत आहे. २०२२च्या आधी आपल्या आयातीत दोन टक्क्यांहून कमी असलेलं रशियन तेल पुढे तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेलं. ज्या देशात सूर्यफुलाच्या तेलाची पिशवी महागली की घरोघरी फोडणी आखडते, त्याने स्वस्त पिंप नाकारू नये. पण २ मार्च २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांत १४१ देशांनी आक्रमणाचा निषेध केला तेव्हा आपण ३५ तटस्थांमध्ये बसलो, ते मला आजही लागतं. 'हा काळ युद्धाचा नाही' असं पंतप्रधान समरकंदला पुतीन यांच्या तोंडावर बोलले, ते योग्यच झालं. मतदानाच्या वेळीही तेवढंच धैर्य दाखवायला हवं होतं. तेल घेऊनही आक्रमणाला आक्रमण म्हणता येतं. त्या मतदानाच्या दिवसांतच आपली हजारो मुलं युक्रेनमधून पायी पोलंडच्या, रुमानियाच्या सीमेवर पोचत होती आणि ते दोन्ही देश, नाटोचे सदस्य, त्यांच्यासाठी दारं उघडत होते.

निघताना दादांनी मला विचारलं, तिकडच्या निर्वासितांना लोकांनी कुठे ठेवलंय? मी सांगितलं, पोलंडमध्ये बरेच जण लोकांच्या घरी राहिले, जर्मनीत आहेत, काही परतले. "कॅम्प नाही?" त्यांनी पुन्हा विचारलं. काही ठिकाणी आहेत, मी म्हणालो. काकांनी त्यांचे चहाचे पैसे देऊन टाकले आणि दोघं एकमेकांचा हात धरून रस्ता ओलांडून गेले.