ऐकण्याचा खर्च

धरण, पूल, दरडीचा डोंगर किंवा द्राक्षबाग, कुठेही बिनतारी सेन्सरचे जाळे उभारले की किती सेन्सर बसवले ते ठळकपणे सांगितले जाते. कोणता सेन्सर केव्हा बोलणार, हे क्वचितच कोणी विचारते. जाळे वर्षभर टिकणार की आठवड्यात मुके होणार, हे ठरते मात्र त्यावरच.

संशोधकांनी भरपूर वापरलेली सीसी२४२० ही रेडिओ चिप घ्या. पूर्ण ताकदीने माहिती पाठवताना ती सुमारे १७ मिलिअँपिअर वीज घेते; नुसती कान लावून बसली तर जवळजवळ १९. दोन पेन्सिल सेलवर अखंड ऐकत राहिलेले उपकरण आठवडाही काढत नाही. ते शंभरातला एकच क्षण जागे राहिले तर वर्षभर चालू शकते. पण सांगणारा आणि ऐकणारा एकाच क्षणी जागे हवेत, आणि स्वस्त घड्याळे तर दिवसाला दोन-तीन सेकंद सहज मागेपुढे होतात. ती सतत जुळवून घ्यावी लागतात. वेळापत्रकच नको म्हणावे, तर १९७०च्या सुमारास हवाईत सुरू झालेल्या ‘अलोहा’ पद्धतीचा हिशेब समोर आहे: ज्याला वाटेल त्याने वाटेल तेव्हा बोलायचे ठरवले, तर टकरींमुळे फार तर १८ टक्के वेळ कामी येतो.

पाळी लावली म्हणजे प्रश्न मिटला असेही नाही. २००५ साली हार्वर्डच्या संशोधकांनी इक्वेडोरमधील रेव्हेंतादोर ज्वालामुखीवर १६ नोड, म्हणजे रेडिओ जोडलेले सेन्सर, बसवले. प्रत्येक नोड सेकंदाला शंभर नोंदी घेई. एवढी माहिती रेडिओला झेपणारी नव्हती. म्हणून पुरेशा नोडना हादरा जाणवला की तळावरचा संगणक एकेकाकडून पाळीने साठ सेकंदांची नोंद मागवी. ज्याची पाळी, त्याचे मोजमाप तेवढा वेळ बंद! सव्वादोनशेहून अधिक घटना टिपल्या गेल्या, पण लांबलेल्या उद्रेकाची सुरुवातच तेवढी हाती लागे.

कालव्याच्या शेजपाळीत वंचित राहतो तो शेवटच्या टोकाचा शेतकरी. इथे उलटे आहे: तळाजवळच्या नोडना स्वतःची नोंद पाठवून मागच्या सगळ्यांचाही भार पुढे न्यावा लागतो, म्हणून आधी तेच संपतात आणि त्यांच्यामागचे सारे जाळे तुटते.

तेव्हा पाळी कोणाला आधी द्यायची, किती उशीर चालवून घ्यायचा आणि गर्दीत कोणाची नोंद सोडून द्यायची, हे निव्वळ तांत्रिक तपशील नव्हेत. दरडीचा इशारा देणाऱ्या जाळ्यात त्यांवर माणसांचे जीव अवलंबून असतात. आज हे निर्णय बहुधा प्रोग्रॅम लिहिणारा एकटा, कोणाला न विचारता घेतो. ते लेखी आणि उघड व्हायला हवेत. निविदा काढणाऱ्यांनी दरपत्रकासोबत वेळापत्रकही मागावे.