डीव्हीआर चालू, ब्राउझर बंद

सोसायटीत चोरी झाली की पोलीस फुटेज मागतात आणि सेक्रेटरींचा फोन आपल्याला, म्हणजे कॅमेरे बसवणाऱ्यांना, येतो. डीव्हीआर आठ-दहा वर्षांचा, पण हार्डडिस्क ठणठणीत, कॅमेरे चालू. लॅपटॉप जोडून आयपी टाकला की लॉगिनचे पानही उघडते. त्यापुढे मात्र काळा चौकोन आणि प्लगइन टाका एवढीच सूचना. ते प्लगइन अ‍ॅक्टिव्हएक्सचे, म्हणजे इंटरनेट एक्सप्लोररवरच चालणारे; आणि मायक्रोसॉफ्टने त्या ब्राउझरला १५ जून २०२२ रोजी निरोप दिला.

मग एजच्या सेटिंगमध्ये जाऊन आयई मोडला परवानगी द्यायची, ब्राउझर पुन्हा सुरू करायचा, डीव्हीआरचा पत्ता यादीत टाकायचा. ती नोंदही ३० दिवसांनी आपोआप निघून जाते. पुढच्या खेपेला जाणाऱ्या मुलाला सगळे पहिल्यापासून. शेजारी उभे असलेले सेक्रेटरी विचारतात, “मशीन गेलं का हो?” मशीन गेलेले नसते. तरी बोल लागतो तो आपल्याला.

अशा वेळी सुटका कोण करते? डीव्हीआरच्या पाठीमागचे व्हीजीए पोर्ट. मॉनिटर आणि माउस लावा, पेनड्राइव्ह खोचा, तारीख-वेळ निवडा, फुटेज निघते. ना प्लगइन, ना इंटरनेट. दहा वर्षांपूर्वी ज्याने तो मेनू यंत्रातच बसवला, त्याचे आपण आभार मानले पाहिजेत.

हा फक्त जुन्या मालाचा प्रश्न आहे, असे आपल्यातले बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. क्रोमने २०१५ मध्ये जुनी प्लगइन काढली, २०२० अखेर फ्लॅश संपले, आणि दर वेळी भिंतीवरची चालू यंत्रे अडकली. आता ईएसपी३२ बोर्ड, प्रोग्रॅमेबल कीबोर्ड, ड्रोनचे फ्लाइट कंट्रोलर यांचे सेटिंग वेबसाइटवरून होऊ लागले आहे. सोय खरी आहे. पायथन टाकणे, कमांड पाठ करणे हे सगळे वाचते. नवशिक्या विद्यार्थीही केबल लावून पाच मिनिटांत फर्मवेअर चढवतो. पण त्यामागची वेबयूएसबी, वेबसिरीयल ही तंत्रे प्रामुख्याने क्रोम आणि एजच्या घराण्यातली. ती सफारीत आणणार नाही, असे अ‍ॅपलने २०२० मध्येच सांगितले. मोझिलाने वेबयूएसबीला सुरुवातीपासून विरोध केला. कोणत्याही वेबसाइटचा हात थेट यूएसबीपर्यंत पोहोचावा का, ही त्यांची शंका रास्तच आहे. म्हणजे आपले आजचे काम एका ब्राउझर-घराण्याच्या मर्जीवर आणि कुणाच्या तरी चालू सर्व्हरवर टिकून आहे. गोदामात किंवा शेतावरच्या पंपघरात रेंज नसली की ते पानच उघडत नाही.

सर्व्हर बंद पडतात, हेही आपण पाहिले आहे. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या स्मार्ट-होम उपकरणांच्या अमेरिकी कंपनीचे सर्व्हर अचानक बंद झाले. घरांतली बटणे चालत राहिली, पण हबवर विसंबलेल्यांचे अ‍ॅप मुके झाले.

ब्राउझरवरून सेटिंग करायला माझी हरकत नाही. तो एकमेव रस्ता असण्याला आहे. यंत्रावरचा मेनू, इंटरनेटशिवाय चालणारे सॉफ्टवेअर, निदान साधी कॉन्फिगरेशन फाइल, यांपैकी काहीतरी हवेच. कॅमेऱ्याला ऑनव्हिफ हे सामायिक मानक असेल तर उद्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तरी तो ओढता येतो. काम सोपवताना फर्मवेअर, इन्स्टॉलर आणि सेटिंगचा बॅकअप असलेला पेनड्राइव्ह ग्राहकाच्या फाइलमध्ये ठेवा, आणि एएमसीच्या कागदावर त्याची नोंद करा. कंपनीच्या साइटवरून नंतर उतरवून घेऊ, या भरवशावर राहू नका. जुन्या मॉडेलचे पान कधी काढले जाईल, ते कोणी कळवत नाही.

आणि माल उचलताना डीलरच्या काउंटरवरच इंटरनेट बंद करून सेटअप दाखवायला सांगा. जमले नाही, तर कोटेशनमध्ये दुसरे मॉडेल टाका आणि ते का टाकले, हे डीलरला तोंडावर सांगा.