झाडं ओळखायची तर फाल्गुनात

सकाळी आकाशवाणीवर तारखेच्या जोडीनं फाल्गुन अमुक, शके तमुक असंही सांगतात. ते कुणी कान देऊन ऐकत नाही. आमच्या घरात तर नेमका तेव्हाच मिक्सर सुरू होतो. पण सरकारच्या या सौर दिनदर्शिकेला ऋतूंची जाण भिंतीवरच्या कॅलेंडरपेक्षा बरी आहे. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली समिती नेमली गेली आणि २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून, ही दिनदर्शिका लागू झाली. वसंतसंपाताच्या पाठोपाठ तिचा चैत्र लागतो, आणि तिच्या हिशेबात वसंत ऋतू फाल्गुन-चैत्राचा आहे. आपण शाळेत घोकलं ते चैत्र-वैशाख. पृथ्वीच्या अक्षाची दिशा हळूहळू बदलते, त्यामुळे नक्षत्रांवर बांधलेलं आपलं गणित साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस या गतीनं ऋतूंपासून सरकत आलंय. आता ते चोवीस दिवसांच्या आसपास मागं पडलंय. वैशाखात सांगलीतलं डांबर चपलेला चिकटतं. त्याला वसंत म्हणायचं धाडस फक्त पाठांतरात होतं.

(सांगलीत वसंत म्हटलं की लोकांना आधी वसंतदादा आठवतात. मार्केट यार्डही त्यांच्याच नावाचं. ऋतूचा नंबर दुसरा.)

माझं झेरॉक्सचं दुकान एका हायस्कूलच्या फाटकासमोर आहे. दहावी-बारावीचे पेपर सुरू झाले की केंद्रापासून शंभर मीटरच्या आतली झेरॉक्सची दुकानं पेपरच्या वेळेत बंद ठेवायचा हुकूम निघतो. हुकूम योग्यच आहे. आदल्या संध्याकाळी गाईड घेऊन येणारे आणि ‘काका, मायक्रो करा ना, एका पानात आठ बसवा’ म्हणणारे मी दरवर्षी बघतो. रिव्हिजनसाठी पाहिजे म्हणतात. एवढ्या बारीक अक्षराची रिव्हिजन करायला भिंग लागेल! तर फेब्रुवारीच्या मध्यापासून महिनाभर, पेपर असेल त्या दिवशी, सकाळच्या ऐन धंद्याच्या वेळेला मी रिकामा असतो. घरी गेलो तर पापडाच्या लाट्या करायला बसवतात. म्हणून शटर ओढून मी सायकल काढतो.

परवा भूमितीचा पेपर होता. शाळेच्या कुंपणाला लागून एक पांगारा आहे. पान एक नाही, फांद्यांच्या टोकांना लालभडक फुलांचे घोस, आणि त्यावर साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, दोन कावळे, सगळ्यांची एकच झुंबड. या फुलांना वास नसतो, कारण गिऱ्हाईक पक्षी आहेत आणि पक्ष्यांना वासापेक्षा रंग कळतो. आत पातळ मध भरपूर. पक्षी चोच घालतो, कपाळाला पराग लागतात, ते घेऊन तो पुढच्या झाडावर जातो. काटेसावरीचंही तसंच, तिच्या जाड पाच पाकळ्यांची फुलं खाली पडली की धप्प असा आवाज येतो. पानांच्या गर्दीत ही दुकानदारी कुणाला दिसली नसती. आधी पानं टाकायची, मग फुलायचं. पानांतून उडून जाणारं पाणीही वाचतं.

म्हणजे आपल्याकडची पानगळ ही माघ-फाल्गुनातली गोष्ट आहे. पोरांच्या चित्रांच्या पुस्तकांत ती ऑक्टोबरात होते, पिवळी-तांबडी मेपलची पानं दाखवून. आमच्या गल्लीतला देशी बदाम आत्ता लाल होऊन पानं टाकतोय आणि झाडलोट करणाऱ्या मावशी वैतागल्यात. ‘भाऊ, ह्या झाडाला सांगा की जरा. काय टाकायचं ते एकदाच टाक म्हणावं.’ त्यांचं खरं आहे. त्या पुढं झाडतात, ते मागं टाकतं. राष्ट्रीय हरित लवादानं उघड्यावर कचरा जाळायला २०१६ सालीच बंदी घातली आणि साध्या प्रकरणाला पाच हजारांचा दंड ठेवला, तरी कोपऱ्यावरचा पानांचा ढीग संध्याकाळी धुमसतोच. पेटवलं कुणी, हे कधीच कुणाला माहीत नसतं.

माझं म्हणणं अगदी साधं आहे. झाडं ओळखायला शिकवायची असतील तर ती फाल्गुनात शिकवा. आपण सगळा झाडांचा कारभार जुलैवर टाकलाय. कन्हैयालाल मुन्शींनी १९५० मध्ये वनमहोत्सव सुरू केला तो जुलैत, आणि लावणीच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं, कारण रोप पावसाच्या तोंडावरच लावायचं असतं. पण ओळख करून द्यायला जुलैइतका वाईट महिना नाही. सगळंच हिरवं. पोरं छत्री सावरत पिशवीतल्या चार पानांच्या रोपाभोवती उभी राहतात, पाहुणे बोलतात, फोटो होतो. ते रोप कशाचं होतं, हे पाहुण्यांनाही सांगता येणार नाही.

फाल्गुनात प्रत्येक झाड आपलं नाव स्वतः सांगतं. पळस केशरी, पांगारा लाल. पिंपळाची कोवळी पानं तांबूस आणि इतकी तकतकीत की ऊन त्यांच्यावरून घसरतं. तो रंगही उगाच नाही, कोवळ्या पानाला उन्हापासून जपायचं काम करतो. करंजाची पालवी पोपटी. आंब्याचा मोहर संपत आलाय, खाली बारीक कैऱ्यांचा सडा. हरिपूरच्या रस्त्याला चिंचा पिकल्यात आणि आयाबाया दारात बसून त्या फोडतायत. शिरीष तर डोळे मिटूनही ओळखता येतो, वारा सुटला की त्याच्या वाळक्या शेंगा खुळखुळतात. तांबट दिसत नाही, पण त्याचं टुक टुक टुक एकदा सुरू झालं की दुपारभर थांबत नाही. यातलं काहीही शिकवायला फळा लागत नाही.

आणि ते गुलाबी झाड, ज्याच्याखाली सध्या फोटो काढायची रांग लागते, ते गिरिपुष्प. मूळ मध्य अमेरिकेतलं. आपल्याकडे उघड्या डोंगरांवर आणि बांधांवर लावलं गेलं. खेड्यात त्याला उंदीरमारी म्हणतात, कारण त्याच्या विषानं उंदीर मारता येतात. फोटो काढायला माझी ना नाही, झाड दिसतंच सुंदर. पण खाली ‘आपलं चेरी ब्लॉसम’ कशाला लिहायचं?

आमच्या भागात फाल्गुनाचा खरा मालक बेदाणेवाला. सावळजच्या बाजूला माझा एक मित्र आहे, द्राक्षबागायतदार. त्याच्या शेडवर या दिवसांत गेलं की हवेत गोड, थोडा आंबूस वास असतो. लोखंडी सांगाड्याला जाळ्यांचे थर बांधलेले असतात आणि त्यावर द्राक्षं पसरलेली. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, तो आतलं पाणी बाहेर सोडत नाही. म्हणून द्राक्षं आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात. मेण सुटतं, पाणी उडायला लागतं. दोनेक आठवड्यांत माल वाळतो, मग रंगासाठी गंधकाची धुरी. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. बाकीचे तीन किलो गेले कुठं? हवेत. मित्र म्हणतो, ‘आमचा निम्मा धंदा हवा करती. पगार मागत न्हाई एवढंच.’

ही कोरडी हवा म्हणजे या भागाची ठेव. ज्या हवेला भिऊन पांगारा पानं टाकतो, तिच्याच जिवावर तासगावचा बेदाणा होतो, मार्केट यार्डात नवी हळद येते आणि आमच्या गच्चीवर कुरडया कडक वाळतात. म्हणूनच आभाळात एखादा ढग दिसला की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. लगेच मित्राचा फोन. ‘तिकडं कसं हाय? आलंय का भरून?’ मी शटर अर्धं ओढून बाहेर येऊन वर बघतो आणि सांगतो, न्हाई, जाईल. माझ्या सांगण्यावर काही नसतं, पण त्याला कुणीतरी तसं म्हणायला हवं असतं. शेडवर माल असताना पाऊस आला तर बेदाणा काळा पडतो आणि दरही पडतो. पाऊस यावा म्हणून वर्षभर आभाळाकडे बघणारा माणूस याच महिन्यात येऊ नको म्हणून बघतो. हा पाठ कुठल्या इयत्तेच्या भूगोलात आहे? मला तरी झेरॉक्सला आलेल्या पुस्तकांत दिसला नाही.

हे सगळं मी आमच्या समोरच्या शाळेतल्या एका सरांना बोललो. ते म्हणाले, ‘तुमचं बरोबर आहे हो. पण आत्ता? पेपर, सुपरव्हिजन, पुढं आमच्या खालच्या वर्गांच्या परीक्षा, पोर्शन राहिलाय.’ त्यांची अडचण खोटी नाही. कॉपीमुक्तीच्या पथकापासून गठ्ठे तपासण्यापर्यंत सगळं त्यांच्याच गळ्यात असतं. पण केंद्र असलेल्या शाळेत खालचे वर्ग एरवीही मागं-पुढं होतात. पाचवी ते आठवीला फाल्गुनात एक अर्धी सकाळ द्यायला काय हरकत आहे? बस नको, पाहुणे नकोत, प्रमाणपत्र तर नकोच. शाळेपासून चालत जाता येईल तेवढंच जायचं. उन्हाच्या आत परत.

आत्ता काय होतं ते मी रोज बघतो. प्रकल्पवहीत ‘परिसरातील पाच झाडे’ चिकटवायची असतात. मुलगा येतो, मोबाइलवरून फोटो पाठवतो आणि म्हणतो, ‘काका, रंगीत काढा.’ मी काढतो. त्यात कधी ओक निघतो, कधी पाइन. सांगलीच्या परिसरात पाइन! परवा एकाला विचारलं, समोर लाल फुलांचं झाड आहे ते कुठलं?

‘शाळेतलं,’ तो म्हणाला.

पोरगं हुशार आहे, पाढे धडाधड म्हणतं. त्याच्या आईनं बाहेरूनच हाक मारली, त्यानं दहा रुपये ठेवले आणि पाइन घडी करून दप्तरात टाकला.

कुणी अशी सकाळ काढणार असेल तर आमच्या पेठेपासून नदीच्या घाटापर्यंत आत्ता काय फुललंय आणि काय झडलंय याची यादी मी लिहून ठेवली आहे. जागा, झाड, खूण. गणपती मंदिराच्या बाजूनं निघून पायी तासाभरात होते. शाळांनी पोरांचा आकडा कळवावा, पाठपोट प्रती काढून देईन, पैसे नकोत. रंगीत मात्र मागू नका, शाई महाग आहे आणि रंग समोर फुकट आहेत. पाइनचं गिऱ्हाईक तेवढं तुटेल, तुटू दे. १८६७ साली इंग्रजांनी हिशेबाचं वर्ष एप्रिलपासून धरलं तेव्हापासून आपला मार्च पावत्यांचाच आहे. घरपट्टी, पाणीपट्टी, विम्याचे हप्ते, सगळ्यांच्या दोन-दोन प्रती. शिवाय आधार कार्डाची एक, ती कशाला लागते ते कुणीच विचारत नाही.