कामापुरती अझेरी



गेल्या महिन्यात दोघांनी मला एकच प्रश्न विचारला. दोघेही तेल-वायूवाले, दोघांच्याही हातात बाकूची ऑफर. "तिथली भाषा शिकायलाच हवी का? इंग्रजी आणि थोड्या रशियनवर भागेल ना?" दोघांना वेगवेगळं लिहीत बसण्यापेक्षा म्हटलं यावेळचा लेख त्यावरच लिहावा.

थोडक्यात सांगायचं तर, भागेल. मीही पहिलं दीड वर्ष भागवलंच. ऑफिसात इंग्रजी, यार्डात दुभाषी, टॅक्सीत हातवारे. जुने इंजिनियर सोव्हिएत काळात शिकलेले, त्यामुळे यार्डातले निम्मे तांत्रिक शब्द रशियन. पण नुसतं भागवण्याची किंमत कोण मोजतं, ते मला उशिरा कळलं. ते पुढे सांगतो.

आधी भाषेविषयी. तिथले लोक तिला 'आझॅरबायजान दिली' म्हणतात. तुर्की कुळातली, इस्तंबूलच्या तुर्कीची सख्खी बहीण. इराणच्या वायव्य भागात, तब्रीझकडे, ती बोलणारे खुद्द अझरबैजानपेक्षाही जास्त आहेत. पण ते अरबी लिपीत लिहितात. बाकूकडे मात्र एका शतकात तीनदा लिपी बदलली: 1920च्या दशकात अरबी जाऊन रोमन आली, 1940च्या सुमारास सिरिलिक, आणि स्वातंत्र्यानंतर 1991 साली पुन्हा रोमन. 2001च्या 1 ऑगस्टपासून सगळा सरकारी कारभार आणि छपाई रोमनमध्ये आली. म्हणजे आजोबा, वडील आणि नातू एकाच भाषेत, पण वेगवेगळ्या लिपींत शिकलेले. जुनी ड्रॉइंग्ज आणि फायली सिरिलिकमध्ये निघतात, तेव्हा तीही अक्षरं ओळखू आलेली बरी. दोन शनिवार पुरतात.

आजच्या रोमनमध्ये 32 अक्षरं आहेत. इंग्रजी 'सी'चा उच्चार 'ज', आणि 'क्यू'चा बहुतेक वेळा 'ग'. उलट्या 'ई'सारखं एक अक्षर दिसतं, त्याचा उच्चार आपल्या 'बॅट'मधल्या 'ॲ'सारखा. आपल्याला ते बालवाडीपासून येतं.

आता आनंदाची बातमी. वाक्यरचना जवळजवळ आपलीच आहे. 'मॅन सबाह बाकिया गेदिरॅम' म्हणजे 'मी उद्या बाकूला जातोय'. शब्दाखाली शब्द ठेवा, क्रम तोच. 'ला', 'मध्ये', 'हून' हे आपल्यासारखेच नामाच्या मागे लागतात. 'एव' म्हणजे घर, 'एवलॅर' घरं, 'एवलॅरिमिझ' आमची घरं, 'एवलॅरिमिझदॅ' आमच्या घरांमध्ये. डबे जोडत जायचे. एकच पथ्य: शब्दातला स्वर बदलला की प्रत्ययाचाही बदलतो, म्हणून 'एवलॅर' पण 'किताबलार'. आणि लिंग नाहीच! तो, ती, ते सगळ्यांना 'ओ'. आपल्या तीन लिंगांनी परदेशी माणसांना जो छळ होतो, त्याची ही भरपाई समजा.

शब्दही अर्धे घरचेच. जवाब, सुआल, हेसाब, तारिख, बाझार, दुश्मॅन. 'हॅफ्तॅ' म्हणजे आठवडा, आपला हप्ता. शिक्क्याला 'म्योहुर', आपली मोहोर. कराराला 'मुगाविलॅ' म्हणतात, तो आपल्या 'कौल' आणि 'कौलनाम्या'च्याच अरबी धातूतून आला. चहाबरोबर 'मुरॅब्बॅ' देतात, आणि मुरांबा काय ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. तेलक्षेत्रांची नावंसुद्धा अशीच: चिराग म्हणजे दिवा, ग्युनॅशली म्हणजे उन्हातलं. (1994च्या 'शतकातल्या करारा'तली ही क्षेत्रं. 2013पासून आपल्या ओएनजीसी विदेशचाही त्यात छोटा वाटा आहे.) बाकूजवळ सुराखानीच्या आतेशगाहमध्ये तर दारावर देवनागरी शिलालेख आहेत, हिंदुस्थानी व्यापाऱ्यांनी कोरवलेले. पहिल्या रविवारी जाऊन या.

अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना अझेरी शिकवायला 44 आठवडे, म्हणजे सुमारे 1100 तास धरतं. हिंदीही त्याच गटात. पण तो हिशोब इंग्रजी मातृभाषेच्या माणसाचा आहे. मराठी माणसाने रोज तासभर दिला, तर सहा-आठ महिन्यांत यार्डातलं बोलणं कळू लागतं, असा माझा अनुभव.

पण तुर्की येत असली तर जपून. 'सबाह' म्हणजे तुर्कीत सकाळ, अझेरीत उद्या. इस्तंबूलचा ठेकेदार 'सबाह' क्रेन पाठवतो म्हणाला, की सकाळी की उद्या ते विचारून घ्या. तुर्कीत 'सुबाय' म्हणजे लष्करी अधिकारी, बाकूत अविवाहित. वेळेचंही तसंच. 'नवाचा अर्धा' म्हणजे साडेआठ, साडेनऊ नाही. माझी पहिली क्लायंट मीटिंग यातच गेली. मी पोचलो तेव्हा लोक कप आवरत होते.

आता ती किंमत. 2008ची गोष्ट. बाकूबाहेरच्या एका यार्डात पाइपची हायड्रोटेस्ट होती. रात्रपाळीकडून काम हातात घेताना मी उस्ताला (फोरमनला तिथे 'उस्ता' म्हणतात) दुभाष्या मुलीमार्फत विचारलं, पलीकडचा ड्रेन व्हॉल्व्ह बंद आहे का? उस्ता म्हणाला, 'बाग्लि इमिश.' मुलीने इंग्रजीत सांगितलं, बंद आहे. मी परमिटवर सही केली.

व्हॉल्व्ह बंद नव्हता. दाब चढवायला घेतला आणि पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या फिटरच्या डोक्यावरची हेल्मेट पाण्याच्या झोताने उडाली. दाब अजून कमी होता म्हणून हेल्मेटवर निभावलं. माणूस चिंब भिजला, थरथरत होता, बाकी काही झालं नाही.

चौकशीत उस्ता पुन्हा पुन्हा एकच सांगत होता: "मी 'इमिश' म्हटलं होतं." 'बाग्लिदिर' म्हणजे बंद आहे. 'बाग्लि इमिश' म्हणजे बंद आहे म्हणे. मी पाहिलेलं नाही, रात्रपाळीवाल्यांनी सांगितलं. मंडळी, हे आपलं शंभर नंबरी 'म्हणे' आहे! आपण दिवसातून पन्नास वेळा वापरतो. इंग्रजीत तेवढ्या अर्थाचा एवढासा शब्द नाही, म्हणून घाईत ते गळतं. त्या खोलीत 'म्हणे' ऐकल्याबरोबर सावध होईल असा मराठी माणूस मी एकटाच होतो, आणि मला ते कळत नव्हतं.

ठपका दुभाष्या मुलीवर आला. नुकती कॉलेजातून बाहेर पडलेली, तिचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. परमिटवर सही माझी होती, व्हॉल्व्ह स्वतः जाऊन पाहायचा होता मी. पण मला कोणी फारसं विचारलं नाही, आणि खरं सांगतो, मीही आपण होऊन फार बोललो नाही. ती निघताना मला 'साग ओलुन' म्हणाली. म्हणजे 'आभारी आहे', शब्दशः 'खुशाल असा'. पुढच्या आठवड्यापासून मी शिकवणी लावली.

म्हणून जाणाऱ्यांना चार गोष्टी सांगतो. पहिले सलाम आणि आकडे शिका, पण लगेच त्यामागे 'दिर' आणि 'इमिश'. कोणी 'इमिश' म्हणालं की विचारा, "तुम्ही स्वतः पाहिलं का?" दुसरं, अनोळखी आणि वडीलधाऱ्यांना 'सिझ' म्हणा. ते आपलं 'तुम्ही'. 'सॅन' म्हणजे 'तू', ते मैत्री झाल्यावर. साहेबांना नावापुढे 'म्युॲल्लिम' लावतात. अर्थ शिक्षक, वापर आपल्या 'सर'सारखा. तिसरं, 'बाखारिग' म्हणजे 'बघू'. तो होकार नाही. आपल्याकडच्या 'बघू'ला जेवढी किंमत, तेवढीच द्या. चौथं, करार दोन भाषांत असेल तर मतभेद झाल्यास कुठला मजकूर ग्राह्य, ते कलम आधी वाचा.

आणि दुभाषी चांगला मिळाला तरी शिका. आपल्याला भाषा येत असली, तर त्याच्यावरचाही भार निम्मा होतो.

असो. बाकूचा वारा फार, टोपी सांभाळा. जाणाऱ्यांना 'उगुरलार', म्हणजे यश लाभो.

कळावे, लोभ असावा.