भंडाऱ्यावर पडणारं ऊन

भंडारा जिल्ह्याचं क्षेत्रफळ साधारण चार हजार चौरस किलोमीटर. आभाळ मोकळं असेल त्या दिवशी इथल्या दर चौरस मीटरवर उन्हातून पाचेक युनिट ऊर्जा उतरते. गुणाकार दोन हजार कोटी युनिटांवर जातो. अख्खा भारत दिवसभरात जेवढी वीज वापरतो, त्याच्या जवळपास चौपट! वैनगंगेच्या या खोऱ्यात ऊन कमी नाही, हे आधी मनाशी पक्कं करू या.

मग छतावरचं पॅनेल त्यातलं किती पकडतं? बाजारातलं चांगलं पॅनेल शेकडा 20 ते 23. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत 1954 साली सिलिकॉनचा पहिला उपयोगी सौरघट तयार झाला, तेव्हा हा आकडा 6 होता. पुढे 1961 मध्ये शॉकली आणि क्वायसर या शास्त्रज्ञांनी गणित मांडलं, की एकाच पदार्थाच्या घटाला साध्या उन्हात शेकडा 33 च्या फार पुढे जाता येणार नाही. सिलिकॉनची मर्यादा तर 29 च्या आसपासच. या मर्यादेमागे कारागिराची कसूर नाही, कारण उन्हातच आहे. ऊन कणाकणानं येतं आणि प्रत्येक कणाची ऊर्जा वेगळी. सिलिकॉन जणू एकच पायली घेऊन बसलेला असतो. पायलीपेक्षा कमी धान तो घेतच नाही, म्हणून अवरक्त किरणांचा मोठा भाग वाया जातो. निळ्या किरणांची रास पायलीवर चढते, ती सांडून उष्णता होते. वेगवेगळ्या मापांचे थर एकावर एक रचले तर मर्यादा वाढते. सिलिकॉनवर पेरोव्स्काइट या दुसऱ्या पदार्थाचा थर देऊन प्रयोगशाळांनी 34 टक्के ओलांडलेही आहेत. थर अगणित धरले, तर कागदावर हा आकडा साध्या उन्हात 68 पर्यंत आणि भिंगांनी एकवटलेल्या उन्हात 86 पर्यंत जातो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. पॅनेलवर छापलेली क्षमता 25 अंशांवर मोजलेली असते, आणि पुढच्या प्रत्येक अंशाला वीज सुमारे 0.3 ते 0.4 टक्क्यांनी घटते. मे महिन्यात पॅनेल 65 अंशांपर्यंत तापलं, तर सातवा हिस्सा तिथेच गेला. उन्हाळी धानाला पाण्याची निकड असते ती याच दिवसांत. म्हणून पॅनेलखाली वारा खेळेल एवढी जागा सोडणं, ही बसवणाऱ्याकडून हक्कानं करून घ्यायची गोष्ट आहे.

धानाची बांधीही ऊनच गोळा करते. धानाच्या जातीच्या वनस्पतींची सैद्धांतिक मर्यादा शेकडा साडेचारच्या आसपास; प्रत्यक्ष शेतात हंगामभराचा हिशेब बहुधा एकाच्याही खाली. तेव्हा बांधीत धानाऐवजी पॅनेल लावणंच शहाणपणाचं, असा युक्तिवाद कुणी केला तर आम्ही तो साफ नाकारतो. पॅनेलचे टक्के ताटात वाढता येत नाहीत. मामा (माजी मालगुजारी) तलावांवर पॅनेल लावण्याचंही तेच: तिथे मासे आहेत, पाखरं आहेत, ढिवर बांधवांचं पोट आहे.

छतं मात्र रिकामी आहेत. भातगिरण्या, गोदामं, जिल्हा परिषदेच्या शाळा, तुमसर-साकोलीतली पक्की घरं. दहा चौरस मीटर बिनसावलीच्या छतावर एक किलोवॅट बसतं आणि महिन्याला सरासरी शंभर-सव्वाशे युनिट देतं. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78 हजारांचं अनुदान आहे. शेतासाठी ‘मागेल त्याला सौर कृषीपंप’ योजनेत शेतकऱ्याचा वाटा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 5.

हा खटाटोप कशासाठी? कोका-नागझिऱ्याच्या जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांना विचारा. शेतपंपाला रात्रीची वीज म्हणजे बॅटरी घेऊन अंधारात मोटार सुरू करायला निघालेला माणूस, पायाखाली साप आणि बांधाच्या पलीकडे बिबट. सौरपंप दिवसाच चालतो. दिवाळीतलं गायगोधन झालं की गावोगाव मंडईची जत्रा भरेल, पाहुणे येतील, रात्रभर नाटकं होतील. त्या गर्दीत सरपंच भेटतील, आमदारही भेटतील. गावाला दिवसाची वीज कोणत्या महिन्यापासून मिळणार, हे त्यांना तिथेच विचारा.