शेगडी उंबऱ्याबाहेर

मार्गशीर्ष सरत आला की आमच्या निफाड तालुक्यात थंडीचा खरा अंमल सुरू होतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा कितीवर उतरला, हीच सकाळची पहिली बातमी. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तो २ अंशांच्याही खाली गेला होता. अशा पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात, विहिरीचे कोमट पाणी ठिबकने मुळाशी सोडले जाते. वेलींची काळजी आपण घेतो. शेडमध्ये पाने-पक्कड घेऊन बसणाऱ्या माणसाची काळजी मात्र कोणी घेत नाही, आणि तो स्वतः तर मुळीच घेत नाही.

घरोघरी आता एखादी पत्र्याची शेड असते. ट्रॅक्टर, ब्लोअर, एका कोपऱ्यात वाइस ठोकलेले लाकडी टेबल, भिंतीला टांगलेले पाने, वेल्डिंगचे मशीन. दुरुस्तीचे काम नेमके याच दिवसांत जास्त निघते. भुरीची फवारणी थांबवता येत नाही, कांद्याची लागण चालू असते, गव्हाला पाणी द्यायचे असते. यंत्र बिघडले की रात्रीतून उभे करावेच लागते. पत्र्याची शेड दिवसा तापते, पण रात्री इतक्या लवकर निवते की बाहेरच्या झाडाखाली बरे वाटावे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. चूक माझीच होती, म्हणून सांगायला हरकत नाही. ब्लोअरच्या पंपाचा डायफ्राम फाटला होता आणि सकाळी फवारणी करायची होती. रात्री जेवणे झाल्यावर मी आणि पुतण्या शेडमध्ये बसलो. बोटे इतकी गारठली की नट हातात धरवेना. मग मी घरातून लोखंडी शेगडी आणली. लाकडी कोळसा चांगला लाल फुलला, धूर राहिला नाही, तेव्हाच ती आत घेतली. दार ओढले आणि दाराखालच्या फटीतून वारा येतो म्हणून तिथे गोणपाट दाबले. आता कसे ऊबदार झाले, म्हणून दोघेही खूश.

तासाभराने माझे कपाळ जड झाले. दिवसभराची दगदग, असे मनाशी म्हटले. पुतण्याच्या हातून पाना एकदा पडला, दुसऱ्यांदा पडला. मी त्याच्यावर डाफरलो, "झोप येतेय का रे तुला? लक्ष दे जरा." तो म्हणाला, "नाना, मळमळतंय मला," आणि पोत्यावर टेकला. मी मान वर केली नाही. एकच बोल्ट राहिला होता, पण तो काही केल्या जागेवर बसेना. बोल्ट चांगला होता. माझेच डोके जागेवर नव्हते, आणि ते मला कळतही नव्हते.

तेवढ्यात सौभाग्यवती चहा घेऊन आल्या. दार ढकलले तर गोणपाटाने अडले. त्यांनी खांद्याने रेटून ते उघडले आणि आत पाऊल टाकताच ओरडल्या, "अहो, उठा! आधी बाहेर या दोघं!" पुतण्याला आम्ही धरून बाहेर आणले. अंगणात येताच त्याला उलटी झाली. माझे पाय लटपटत होते. रात्रीच तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी दोघांना प्राणवायू लावला आणि सकाळपर्यंत ठेवून घेतले. तिथे एकच प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला, "खोलीत काय पेटवलं होतं?"

मग त्यांनी समजावले ते असे. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो, आणि हवा अपुरी पडली की तो आणखी वाढतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना चुरचुर नाही. श्वासाबरोबर तो रक्तात गेला की प्राणवायू वाहून नेणाऱ्या लाल द्रव्याला चिकटून बसतो. ही चिकटण्याची ताकद प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक आहे. माणूस श्वास घेत राहतो, पण मेंदूला प्राणवायू पोचत नाही. आधी डोके दुखते, मग गरगरते, मळमळते, हातापायांतले बळ जाते, शेवटी गुंगी येते. ज्या डोक्याने धोका ओळखायचा तेच आधी मंदावते. म्हणून आत बसलेल्याला कळत नाही, बाहेरून आलेल्याला कळते.

मी मोठ्या हुशारीने धूर संपल्यावर शेगडी आत घेतली होती. धूर असता तर निदान खोकलो असतो, दार उघडले असते. बिनधुराचा लाल निखाराच जास्त फसवा. डिझेल-पेट्रोल इंजिनाचेही तसेच. बंद शेडमध्ये ट्रॅक्टर, जनरेटर किंवा फवारणीचा पंप "पाच मिनिटं चालवून बघू" म्हणून सुरू करू नये. आधी बाहेर ओढावा, मग सुरू करावा.

एवढी किंमत मोजल्यावर आमच्या घरात एकच नियम झाला. शेगडीची जागा उंबऱ्याबाहेर. दर वीस मिनिटांनी बाहेर यायचे, हात शेकायचे, दोन घोट चहा घ्यायचा आणि परत कामाला लागायचे. काम मंदावते असे वाटते, पण मंदावत नाही. शेकलेल्या बोटांनी नट पहिल्या खेपेला बसतो.

शेगडी आत नको याला आणखीही कारणे आहेत. शेडमध्ये पेट्रोलचा कॅन असतो, थिनर असतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत पसरत शेगडीपर्यंत जाते. बॅटरी चार्जिंगला लावली असेल तर तिच्यातून हायड्रोजन निघतो, तो ठिणगीसरशी स्फोट पावतो. बॅटरी दार-खिडकी उघडी ठेवूनच चार्ज करावी.

मग ऊब आणायची कुठून?

पहिली ऊब उन्हाची, आणि ती फुकट आहे. जे काम उचलून नेता येते ते सकाळी दहानंतर शेडच्या दक्षिण बाजूला, वारा अडेल अशा जागी न्यावे. सुट्या भागांची सफाई, ग्रीस भरणे, धार लावणे ही कामे उन्हात बसूनच करावीत. रात्री काम करणे भागच असेल तर उभे राहण्याच्या जागी लाकडी फळी टाकून तिच्यावर गोणपाट अंथरावे. थंडी कोब्याच्या जमिनीतून पायांत चढते, आणि पाय उबदार असले की अंग निम्मे उबदार राहते.

कपड्यांचे पाहा. मफलरची टोके, शालीचा पदर, घोंगडीची खोळ यांना फिरत्या यंत्राजवळ जागा नाही. ग्राइंडर, ड्रिल, कडबाकुट्टी किंवा ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट कापड पकडतो तेव्हा ओढून घ्यायला क्षणही लागत नाही. डोक्याला कानटोपी घालावी, स्वेटर आत खोचावा, त्याच्यावर सुती सदरा घालून बटणे लावावीत. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी नायलॉन-ॲक्रिलिकचा स्वेटर वितळून कातडीला चिकटतो, म्हणून वरचे कापड सुतीच हवे. आणि हात कितीही गारठले तरी ड्रिलवर हातमोजे घालू नयेत.

यंत्रालाही थंडी वाजते

सकाळी ट्रॅक्टर सुरू होत नाही, याचे बहुतेक वेळा कारण बॅटरी असते. गारठ्यात तिची ताकद रुपयातले दोन-तीन आणे कमी होते, आणि त्याच वेळी इंजिनातले ऑईल घट्ट झाल्याने फिरवायला जोर जास्त लागतो. झाकणांची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने पाहावे. पूर्ण भरलेली बॅटरी १२८० च्या आसपास दाखवते. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर जमला असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवावा, झाकणांतून ते पाणी आत जाऊ देऊ नये, कोरडे करून व्हॅसलिन लावावे. वायर सोडताना आधी अर्थची सोडावी, जोडताना ती शेवटी जोडावी.

स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त दाबू नये, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती द्यावी. हीटर असेल तर त्याला आपला वेळ घेऊ द्यावा. काही जण ऑईल चेंबरखाली चिंध्या पेटवून ठेवतात. डिझेलच्या टाकीखाली केलेला तो जाळ आहे, एवढेच सांगतो. त्यापेक्षा रात्री बॉनेटवर गोणपाट टाकावे आणि सकाळच्या उन्हाकडे तोंड करून ट्रॅक्टर लावावा.

टाकी संध्याकाळीच भरून ठेवावी. अर्ध्या टाकीतल्या रिकाम्या जागेत रात्री दव धरते, तेच पाणी पुढे फिल्टरमध्ये उतरते. उन्हाळ्यात भरून ठेवलेल्या कॅनमधले डिझेल हिवाळ्यात वापरू नये. आपल्याकडे उन्हाळी आणि हिवाळी डिझेलची मानके वेगळी आहेत. उन्हाळी डिझेल गारठ्यात मेण धरू शकते आणि फिल्टर तुंबतो.

दोन ट्यूबांचा डिंक, पीव्हीसीचे सोल्युशन आणि रंग यांना ऊब लागते. दोन ट्यूबांच्या डिंकाचे साधारण गणित असे, की तापमान दहा अंश उतरले की घट्ट व्हायला दुप्पट वेळ. जोड दुपारी उन्हात करावा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्याच्यावर जोर देऊ नये. पहाटे जोडलेल्या पाइपात लगेच मोटार सोडली की जोड सुटलाच समजा. गारठलेला पीव्हीसी पाइप ठिसूळ होतो. त्याला हातोडी लावू नये, बारीक दातांच्या करवतीने कापावा.

वेल्डिंगचे रॉड दमट असतील तर वेल्ड सच्छिद्र येते. रॉड कोरड्या, बंद डब्यात ठेवावेत. गॅल्व्हनाइज्ड पाइप बंद शेडमध्ये कधीच वेल्ड करू नये. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, आणि घरचे म्हणतात, गारठा बाधला. असे काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ न करता बाजूने उभे राहून करावे, म्हणजे धूर तोंडावर येत नाही.

मायबहिणींसाठी दोन शब्द

कोणी शेडमध्ये किंवा खोलीत शेगडीजवळ सुस्त पडलेले दिसले तर प्रथम दारे-खिडक्या सताड उघडा आणि माणसाला मोकळ्या हवेत ओढून आणा. ओरडून आणखी कोणाला बोलवा. एकट्याने आत जाऊन बसू नका, नाहीतर आणखी एक माणूस पडेल. कांदा फोडून हुंगवण्यात वेळ घालवू नका. थंडी भरली असे समजून परत शेगडीजवळ नेऊन घोंगडी पांघरू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. १०८ ला फोन करा, आणि माणूस शुद्धीवर आला, हसून बोलू लागला तरी दवाखान्यात न्याच. शेगडी पेटवली होती हे डॉक्टरांना आपणहून सांगा. नाहीतर डोकेदुखी-उलटीवर पित्ताची गोळी मिळायची.

आणि हे फक्त शेडपुरते नाही. बाळंतिणीच्या खोलीत वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या लावून बाजेखाली शेगडी ठेवण्याची आपली जुनी रीत आहे. पूर्वी घरे कुडाची, कौलांची होती, फटीफटीतून हवा खेळायची. आता घर स्लॅबचे, खिडक्या काचेच्या. रीत तीच राहिली, घर मात्र बदलले. बाळ-बाळंतिणीला ऊब द्यायची ती गरम पाण्याच्या पिशवीने, जाड पांघरुणाने द्या. पिशवी फडक्यात गुंडाळून घ्या आणि बाळाच्या अंगाला लावू नका, अंथरूण तापवून काढून घ्या. निखारा त्या खोलीत नको.

आमच्या शेडच्या दाराखालची ती फट अजून आहे. मी ती बुजवली नाही. शेगडी उंबऱ्याबाहेर असते आणि चहाही तिथेच येतो. पुतण्या आता चांगला कारागीर झाला आहे. परवा काम करताना सवयीने मी दार ओढू लागलो, तर तो मान वर न करताच म्हणाला, "नाना, दार राहू द्या." मी दार राहू दिले आणि कानटोपी खाली ओढली.