कीव्हच्या कॉर्नरमध्ये एकच आवाज हवा

कीव्हचा महापौर आणि माजी बॉक्सर विताली क्लिच्को याचं नाव निघालं की माझ्याकडे बॉक्सिंग शिकणारी पोरं त्याच्या नॉकआउटबद्दल विचारतात. ४७ लढती, ४५ विजय, त्यांतले ४१ नॉकआउट. मी त्यांना तो हरलेल्या दोन लढती दाखवतो. २००० साली बर्लिनमध्ये ख्रिस बर्डविरुद्ध तो गुणांवर पुढे होता. खांदा निकामी झाला आणि नवव्या फेरीनंतर त्याने लढत सोडली. भित्रा म्हणून टीका झाली. २००३ मध्ये लॉस एंजेलिसला लेनॉक्स लुईससमोर डोळ्यावर खोल जखमा झाल्या. सहा फेऱ्यांनंतर तिन्ही परीक्षकांच्या कागदावर ५८-५६ असा तोच पुढे होता, पण डॉक्टरांनी लढत थांबवली. क्लिच्को चिडला. माझ्या मते डॉक्टरांचंच बरोबर होतं.

कीव्हच्या महापौरपदाच्या निवडणुकीतही तो २००६ आणि २००८ मध्ये हरला होता. मैदान चौकातल्या आंदोलनानंतर २०१४ ला निवडून आला, मग २०१५ आणि २०२० ला पुन्हा. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियन फौजा शहराच्या वेशीपर्यंत आल्या, तेव्हा तो शहरातच राहिला. त्यासाठी मी त्याला मनापासून मानतो.

पण आदर वेगळा आणि हिशेब वेगळा. १ जून २०२३ च्या पहाटे, क्षेपणास्त्रांचा हल्ला चालू असताना, देस्न्यान्स्की भागातल्या एका दवाखान्याच्या आश्रयस्थानाचं दार लोकांसाठी उघडलंच नाही. नऊ वर्षांची एक मुलगी, तिची आई आणि आणखी एक बाई बाहेर मेल्या. त्यानंतर जबाबदारी कोणाची, यावर वाद सुरू झाला. तो मिटणार कसा? कीव्हमध्ये महापौर लोक निवडतात, पण शहरातल्या भागांचे प्रशासक राष्ट्राध्यक्ष नेमतात. युद्ध सुरू झाल्यावर वर लष्करी प्रशासनही बसलं. २०२४ च्या ३१ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांनी या लष्करी प्रशासनाच्या प्रमुखपदी तिमूर त्काचेन्को यांना आणलं आणि क्लिच्को आणि त्काचेन्को यांच्यातली ओढाताण उघड्यावर आली.

आपल्याकडे महापौर सभा चालवतो आणि कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे असतात, त्यामुळे नळाला पाणी नसलं की कोणाला धरायचं हा गोंधळ आपल्याला नवा नाही. फक्त तिथे प्रश्न जिवाचा आहे.

आमच्या कॉर्नरमध्ये तीन माणसं असली तरी फेऱ्यांच्या मधल्या मिनिटात एकानेच बोलायचं असतं. टॉवेल फेकून लढत सोडायची की नाही, हेही त्यानेच ठरवायचं. सगळे ओरडायला लागले की पोरगा मार खातो. लष्करी निर्णय सेनेने घ्यावेत, त्यात महापौराचं काम नाही. पण आश्रयस्थानं, मेट्रो, पाणी, हिवाळ्यातली ऊब हा शहराचा कारभार आहे. तो निवडून आलेल्या महापौराच्या हाती पूर्ण द्यावा आणि पुन्हा एखादं दार बंद सापडलं, तर कीव्हच्या लोकांनी क्लिच्कोची पदकं न बघता त्याला घरी पाठवावं.